सी-क्लास कॉम्प्रेसर: घरी सर्व्हिस केल्यावर इंजिन मिसिंग करतंय, पुसलेला चेक लाइट परत येतोय

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. रविवारी घरच्या घरी ऑइल, एअर फिल्टर आणि प्लग बदलले. गाडी पहिल्या सेलला सुरू झाली, सोसायटीत एक फेरी झाली, सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी सिग्नलला उभ्या गाडीचं इंजिन थरथरायला लागलं, नाहीतर पुलाच्या चढावर पाय दाबला की झटके. चेक लाइट लागला. स्कॅनरने कोड पुसला, दोन दिवसांत तोच परत आला. मग नवा एमएएफ सेन्सर (इंजिनात येणारी हवा मोजणारा), मग नवा ऑक्सिजन सेन्सर. पैसे गेले आणि दुखणं जागच्या जागी.

इथे लिहिलंय ते मर्सिडीजच्या एम२७१ या सुपरचार्जरवाल्या इंजिनाबद्दल: १७९६ सीसी, चार सिलिंडर, ईटनचा सुपरचार्जर (पट्ट्यावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंप). डब्ल्यू२०३ आणि डब्ल्यू२०४ या पिढ्यांच्या सी-क्लासमधल्या बहुतेक सी१८० आणि सी२०० कॉम्प्रेसर गाड्यांत ते येतं. पुण्याजवळ आधी पिंपरीला आणि २००९पासून चाकणला जुळलेल्या या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या हातात आहेत, आणि कंपनीच्या सर्व्हिसचा खर्च परवडत नाही म्हणून घरी उघडल्या जातात. (बोनेटखालचा ‘कॉम्प्रेसर’ म्हणजे एसीचा नव्हे. सुपरचार्जरला जर्मनीत तेच नाव आहे. पार्ट मागताना दुकानात हा घोळ हमखास होतो.) सी२०० सीजीआय मात्र टर्बोची आहे. इंजिनाचं घराणं तेच, पण हवेचा मार्ग वेगळा, त्यामुळे खालची हवेची मांडणी तिला जशीच्या तशी लावू नका.

आधी एवढं करा

कोड पुसू नका. कोड, आणि कोड नोंदला त्या क्षणाची माहिती, म्हणजे इंजिनचं तापमान, आरपीएम, लोड आणि फ्युएल ट्रिमचे आकडे (कंट्रोल युनिट पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतंय ते), यांचा फोटो काढून ठेवा. गाडीच्या ओबीडी (निदानाच्या) सॉकेटला लावायच्या स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टरवरही हे दिसतं. कोड पुसला की ही माहिती जाते, शिवाय कंट्रोल युनिटने शिकून ठेवलेली लाँग टर्म ट्रिमही शून्यावर येते. गाडी दोन दिवस बरी वाटते ती म्हणूनच.

मग कागदावर लिहून काढा: रविवारी नेमका कुठे कुठे हात लागला. ‘फक्त एअर फिल्टर बदलला’ असं म्हणताना फिल्टरचा डबा उचलला गेलेला असतो, त्याच्या तळाचे रबरी बुश हललेले असतात, एमएएफचा कनेक्टर निघालेला असतो आणि शेजारचा ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर नेणारा) पाइप वाकलेला असतो. सर्व्हिसनंतर लगेच आलेला बिघाड शंभरातल्या बहुतेक गाड्यांत जिथे हात लागला तिथे किंवा त्याच्या वीतभर अंतरात सापडतो. पंधरा-वीस वर्षं उष्णता आणि तेलाची वाफ खाल्लेलं प्लॅस्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं. ते न हलवता आणखी दोन वर्षं निघाली असती, हलवलं की तडकतं. सेन्सर मात्र योगायोगाने नेमका त्याच रविवारी मरत नाही.

चेक लाइट स्थिर न राहता लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो वितळतो. ऑइल प्रेशरचा इशारा आला तर इंजिन त्याच क्षणी बंद.

हवा कुठून कशी जाते

एअर फिल्टर, एमएएफ सेन्सर, सुपरचार्जर, इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा), थ्रॉटल (हवा कमी-जास्त करणारी पाकळी), इनटेक मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरांत वाटणारा), सिलिंडर. हा क्रम डोक्यात बसला की अर्धं निदान झालं. शिवाय सुपरचार्जरच्या पुढच्या आणि मागच्या बाजूंना जोडणारा एक बायपास असतो आणि त्यात एक झडप. या इंजिनात सुपरचार्जरला क्लच नाही, पट्टा फिरतोय तोवर तो फिरतो. आयडलवर झडप उघडी राहते आणि सुपरचार्जरने ढकललेली हवा परत त्याच्याच तोंडाशी येते. पाय दाबला की झडप मिटते आणि दाब तयार होतो.

इंजिनात किती हवा आली हे एमएएफ मोजतो आणि त्या हिशेबाने पेट्रोल सोडलं जातं. एमएएफच्या पुढे कुठेही गळती असेल तर हिशेब चुकतो. पण तो कोणत्या दिशेने चुकतो, हे गळती कुठल्या टप्प्यात आहे त्यावर ठरतं. साध्या इंजिनात गळती म्हणजे बाहेरची हवा आत, एवढंच असतं. सुपरचार्जरवाल्यात तीच भेग आयडलवर हवा आत ओढते आणि पाय दाबल्यावर बाहेर फेकते. टर्बो नसलेल्या गाड्यांवर हात बसलेले मेकॅनिक इथेच फसतात.

फ्युएल ट्रिमवरून गळतीचा टप्पा शोधा

इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद. शॉर्ट टर्म (त्या क्षणाची) आणि लाँग टर्म (शिकून ठेवलेली) या दोन्ही ट्रिमची बेरीज तीन वेळा टिपा: आयडलवर, न्यूट्रलमध्ये २५०० आरपीएम धरून, आणि चढावर चालत्या गाडीत. तिसरा आकडा शेजारी बसलेल्याने टिपायचा, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. अधिक म्हणजे पेट्रोल वाढवावं लागतंय, म्हणजे मिश्रण पातळ आहे. उणे म्हणजे उलट.

आयडलवर अधिक १५ ते २५ आणि २५०० आरपीएमला जवळजवळ शून्य: गळती थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूला आहे. आयडलवर तिथे जोरदार व्हॅक्युम असतो, म्हणून छोटी भेगही भरपूर हवा ओढते. आरपीएम वाढलं की मोजलेली हवाच इतकी होते की ती चोरटी हवा किरकोळ ठरते. संशयित: मॅनिफोल्डखालचा ब्रीदर पाइप, मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरकडे जाणारा पाइप, आणि काढून परत लावायची राहिलेली एखादी बारीक व्हॅक्युम नळी. कोड बहुधा पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ.

आयडलवरही अधिक आणि २५०० लाही तेवढीच अधिक: गळती एमएएफ आणि सुपरचार्जर यांच्या मध्ये. न मोजलेली हवा प्रत्येक वेगाला साधारण त्याच प्रमाणात शिरते. एमएएफच्या मागचा क्लॅम्प ढिला, त्याचा रबरी सील दुमडलेला, किंवा कॅम कव्हरकडून येणारा ब्रीदर पाइप डक्टपाशी निसटलेला. घरी एअर फिल्टर बदलल्यावर आलेला पी०१७१ आम्ही आधी इथेच शोधू.

आयडल आणि २५०० दोन्ही सरळ, पण पाय दाबला की ताकद नाही, फुस्स आवाज, सायलेन्सरमधून काळसर धूर: सुपरचार्जर आणि थ्रॉटल यांच्या मध्ये, म्हणजे इंटरकूलरच्या पाइपांत. आयडलवर तिथे दाबही नसतो आणि व्हॅक्युमही नसतो, म्हणून सोसायटीतल्या फेरीत काहीच कळत नाही. दाब आला की मोजलेली हवा बाहेर जाते आणि पेट्रोल मात्र पूर्ण हिशेबाने पडतं. पूर्ण दाबल्यावर ट्रिमवर विसंबू नका, त्या वेळी कंट्रोल युनिट ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नसतं. इथे कान आणि साबणाचं पाणी जास्त खरं बोलतं.

आयडलला ठीक आणि लोड वाढेल तसा आकडा अधिककडे चढतो: ही गळती नव्हे. एमएएफ मळलाय आणि जास्त प्रवाहाला कमी मोजतोय, किंवा पेट्रोल पुरत नाही, म्हणजे फिल्टर नाहीतर पंप.

एक गोष्ट अलीकडे जमेस धरावी लागते. या गाड्या ई२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल यायच्या आधीच्या आहेत. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला ई२० साधारण ७ ते ८ टक्के जास्त लागतं. म्हणजे सगळीकडे सारखीच अधिक ६-८ ट्रिम दिसली तर ती भेग नसून टाकीतलं पेट्रोल असू शकतं. पण त्यामुळे मुळातली छोटी गळती आता कोड येण्याच्या उंबरठ्यापर्यंत लवकर पोचते, हेही खरं.

ब्रीदरचे पाइप

या इंजिनाचा सगळ्यात नाजूक भाग हाच, म्हणून थोडं सविस्तर.

क्रँककेसमधली (क्रँकभोवतीच्या इंजिनाच्या खालच्या पोकळीतली) वाफ दोन वाटांनी बाहेर काढली जाते. कमी लोडला ती ऑइल सेपरेटरमधून, एकतर्फी झडपेतून, मॅनिफोल्डमध्ये ओढली जाते. तो पाइप मॅनिफोल्डच्या खाली, डोळ्यांआड असतो. जास्त लोडला मॅनिफोल्डमध्ये उलटा दाब असतो, म्हणून दुसरी वाट कॅम कव्हरवरून सुपरचार्जरच्या आधीच्या डक्टमध्ये जाते. हा वरचा पाइप दिसतो, त्याचा कोपरा हाताने दाबून पाहता येतो. दाबल्यावर कडकड वाजला किंवा पांढरट भेगा दिसल्या तर बदलायचा. इन्सुलेशन टेप गुंडाळून पैसे वाचवण्याचा मोह होतो. पण टेपचा डिंक तेलात दोन आठवडेही टिकत नाही.

खालचा पाइप पाहायला आरसा किंवा मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप लागतो. तो न काढता करता येईल अशी एक चाचणी: इंजिन गरम, आयडलवर. ऑइल भरायचं झाकण हळूच उचला. हलकी ओढ जाणवली पाहिजे आणि झाकण निघताच आयडल बिघडलं पाहिजे. झाकण काढूनही आयडलवर काहीच फरक पडत नाही, तर हवा आधीच दुसरीकडून आत शिरते आहे किंवा ब्रीदर चोंदलाय. झाकण ओढून धरल्यासारखं घट्ट आणि शिट्टीसारखा आवाज, तर सेपरेटरची बाजू तपासायला हवी. झाकणातून उलट धाप बाहेर येत असेल तर गोष्ट गंभीर: एकतर्फी झडप फाटली असेल आणि सुपरचार्जरचा दाब क्रँककेसमध्ये घुसत असेल, किंवा पिस्टनच्या रिंगा संपल्या असतील. पहिल्या शक्यतेत सील आणि गॅस्केटांतून तेल पाझरायला लागतं, आणि लोक सील बदलत बसतात.

पाइप नवाच घ्या, सोबत झडप आणि ओ-रिंगही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर वापरलेला कॉइल किंवा थ्रॉटल चालून जाईल, पण वापरलेला ब्रीदर पाइप तुमच्या पाइपाइतकाच म्हातारा असतो.

धूर किंवा दाबाची चाचणी

डोळ्यांना भेग दिसत नसेल तर एमएएफ काढून तिथल्या डक्टच्या तोंडाला रबरी बूच बसवा आणि त्यातून धूर सोडा. स्मोक मशीनवाला गॅरेज मिळाला तर अर्ध्या तासाचं काम आहे. घरी हवेने करायचं तर दाब ०.२ बारच्या वर नको आणि रेग्युलेटरशिवाय कॉम्प्रेसर जोडायचा नाही. ब्रीदर याच मार्गाला जोडलेला असल्यामुळे हा दाब क्रँककेसमध्येही जातो आणि जास्त झाला तर क्रँकचे ऑइल सील उलटे होतात. जोडांवर साबणाचं पाणी, बुडबुडे कुठे येतात ते बघा. सायलेन्सरमधून थोडी हवा येणारच, एखाद्या सिलिंडरच्या झडपा उघड्या असतात.

इंटरकूलरच्या पाइपांत स्प्रिंगच्या क्लिपा आणि आत सील असतो. क्लिप ‘टक’ करून बसली तरी सील जागेवर असेलच असं नाही. पाइप परत काढा, सील पुसा, जराशी सिलिकॉन ग्रीस लावून सरळ दाबा, मग क्लिप लावा आणि ओढून खात्री करा. पाइपाच्या आत तेलाची पातळ फिल्म असणं सामान्य आहे. तेल साचून ओघळत असेल तर ऑइलची पातळी तपासा.

एमएएफ: नवा घेण्याआधी

कनेक्टर पूर्ण बसलाय का ते आधी. मग वाचन: गरम इंजिन, आयडल, एसी बंद असताना १.८ लिटरच्या इंजिनाला सेकंदाला साधारण २ ते ४ ग्रॅम. पूर्ण दाबून वरच्या आरपीएमला नेल्यावर ढोबळ हिशेब असा: ताकदीला १.२५ ने भागा. डब्ल्यू२०४ सी२०० कॉम्प्रेसरची ताकद १८४ पीएस (हॉर्सपॉवर), म्हणजे सेकंदाला १४५ ग्रॅमच्या आसपास. डब्ल्यू२०३ सी२००ची १६३, म्हणजे १३० च्या आसपास. त्यापेक्षा बरंच कमी असेल तर एकतर सेन्सर कमी मोजतोय किंवा सुपरचार्जर हवाच देत नाहीये. दोन्हींतला फरक गाडी सांगते. हवाच कमी असेल तर ताकद नसते पण मिश्रण बरोबर असतं. सेन्सर खोटं बोलत असेल तर ट्रिम अधिककडे पळते.

धुवायचा तर फक्त एमएएफ क्लीनरने, लांबून फवारून, न घासता, पूर्ण वाळवून. कार्ब क्लीनर, पेट्रोल, कानकाडी यांतलं काहीही नको. धुऊन वापरायचा तेल लावलेला कापडी फिल्टर बसवला असेल तर जास्तीचं तेल सेन्सरच्या फिल्मवर जाऊन बसतं. या गाडीला कागदी फिल्टरच बरा.

मिसिंग: प्लग आणि कॉइल

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं. कोड पी०३०० ते पी०३०४. शेवटचा आकडा सिलिंडरचा, १ नंबर रेडिएटरच्या बाजूचा.

मिसिंग नेमकी कधी होते ते महत्त्वाचं. आयडलवर होत असेल तर वर सांगितलेली गळती आधी बघा, प्लगला हात नंतर. फक्त पाय दाबल्यावर, दाब आल्यावर होत असेल तर ठिणगीवर संशय घ्या. दाबलेल्या दाट हवेतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल थोडा थकलेला असला, प्लगचा गॅप थोडा जास्त असला, प्लग पडून त्याच्या चिनी मातीला केसाएवढी चीर गेली, तरी आयडलवर सगळं सुरळीत राहतं आणि चढावर झटके येतात. प्लग चेसिस नंबरवरून काढलेल्या पार्ट नंबरचाच घ्या. ‘याच आट्याचा आहे, बसेल’ म्हणून साध्या इंजिनाचा, वेगळ्या गॅपचा किंवा वेगळ्या हीट रेंजचा प्लग टाकणं हे या दुखण्याचं ठरलेलं कारण आहे. इरिडियम प्लगचा गॅप ठोकून किंवा मधला इलेक्ट्रोड पकडून बदलायचा नाही.

घट्ट करताना इंजिन थंड. आधी हाताने, पान्हा न लावता, पूर्ण आटे बसवा. वॉशरवाल्या १४ मिमी आट्याच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन मीटर. टॉर्क रेंच नसेल तर नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. तोच प्लग परत लावताना वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा बाराव्या हिश्श्याएवढा फेरा पुरतो. ढिला राहिलेला प्लग उष्णता हेडकडे देऊ शकत नाही, तापतो, आणि सुपरचार्ज इंजिनात त्यामुळे नॉकिंग सुरू होतं. टक-टक आवाज आणि ताकद कमी, दोन्ही एकदम.

कॉइल ओळखायची चाचणी फुकट आहे. कोड पी०३०२ असेल तर २ आणि ३ नंबरचे कॉइल आपसांत बदला, कोड पुसा, चालवा. पी०३०३ आला तर कॉइल. पी०३०२च राहिला तर प्लगची अदलाबदल करून हेच परत. तरीही २ नंबरच राहिला तर इंजेक्टर, त्याची वायर, मग कॉम्प्रेशन. कॉइल काढताना सरळ उपसला की रबराचं बूट फाटतं. आधी थोडा डावी-उजवीकडे फिरवून सोडवायचा, मग वर घ्यायचा. बुटावर पांढरट किंवा काळी रेघ दिसली तर ठिणगी तिथूनच पळते आहे.

प्लगच्या विहिरीत तेल असेल तर कॅम कव्हरचं गॅस्केट गेलंय. पाणी असेल तर कुणीतरी प्रेशरने इंजिन धुतलंय. सर्व्हिस संपल्यावर ‘जरा चमकवून घेऊ’ म्हणून इंजिनवर पाइप मारणं ही आपल्याकडची आवडती सवय आहे आणि पावसाळ्यात ते पाणी आठवडाभर वाळत नाही. कॉइल काढा, विहीर हवेने साफ करा, कॉइल उन्हात ठेवा, बुटाच्या आत थोडी डायइलेक्ट्रिक ग्रीस. प्लग काढण्याआधी विहीर साफ झालीच पाहिजे, नाहीतर ती घाण सिलिंडरमध्ये जाते.

ऑइल

फिल्टरसह ५.५ लिटर. मर्सिडीजच्या २२९.३ किंवा २२९.५ मान्यतेचं, ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४०. जुन्या गाडीला ‘जाड ऑइल बरं’ म्हणून २०डब्ल्यू-५० टाकलं तर दोन्ही कॅमचे ॲडजस्टर (झडपांची वेळ पुढे-मागे करणारे) थंड असताना वेळेवर हलत नाहीत, मग पी००११ किंवा पी००१४ येतो. ॲडजस्टर ऑइलच्या दाबावर चालतात हे लक्षात ठेवलं तर कॅमचा कोड आल्यावर पहिली नजर ऑइलकडे जाईल.

जास्त भरणं ही त्याहून मोठी चूक. ऑइल पूर्ण निथळलेलं नसतं, तरी मोजून साडेपाच ओतले जातात. काही गाड्यांत डिपस्टिकच नसते, नुसती नळी आणि झाकण, म्हणून कळतही नाही. क्रँक ऑइलमध्ये बुडून फेस होतो, फेस ॲडजस्टरमध्ये जातो, वाफेबरोबर तेल ब्रीदरमधून इनटेकमध्ये शिरतं, प्लग काळे, निळा धूर. सोपी रीत: गरम इंजिन, सपाट जागा, १५-२० मिनिटं निथळू द्या. आधी पाच लिटर भरा, इंजिन दोन मिनिटं चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा, पातळी बघा, मग उरलेलं थोडं थोडं. जास्त झालंच तर नळीतून सक्शन पंपाने काढा.

फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग दरवेळी नवी, तिच्या खाचेतच, तेलाचं बोट लावून. झाकण २५ न्यूटन मीटर. प्लॅस्टिकचं आहे, त्याच्यावर जोर काढू नका. ऑइल बदलल्यावर पहिल्या सेलला एक-दोन सेकंद खडखड ठीक, फिल्टर रिकामा असतो. पण रोज सकाळी थंड इंजिनला तीन-चार सेकंद साखळीसारखा आवाज येत असेल आणि पी००१६ किंवा पी००१७ सोबत असेल, तर ते तुमच्या रविवारच्या कामाचं पाप नव्हे. या इंजिनाची टायमिंग साखळी ताणते आणि कॅमचे ॲडजस्टर-चक्र झिजतं. त्यावर सेन्सर बदलून वेळ काढू नका. साखळीने दात सोडला की व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात.

कॅमचे मॅग्नेट आणि वायरिंगमधलं तेल

हेडच्या पुढच्या तोंडाला ॲडजस्टरचे दोन मॅग्नेट आहेत. त्यांतून तेल कनेक्टरमध्ये झिरपतं आणि वातीतून चढावं तसं वायरच्या आतून पुढे सरकतं, अगदी इंजिन कंट्रोल युनिटच्या प्लगपर्यंत. सर्व्हिस करताना हे कनेक्टर हलले की कुठेतरी संपर्क तुटतो आणि असंबद्ध वाटणारे कोड एकदम येतात: कॅमचे, ऑक्सिजन सेन्सरचे, कधी एमएएफचेही. प्रत्येक कोडचा सेन्सर मागवण्याआधी मॅग्नेटचे कनेक्टर काढून आत बघा. ओले असतील तर कंट्रोल युनिटचा प्लगही उघडून बघा, बॅटरीची उणे तार काढूनच. तेल दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, वाळवा, मॅग्नेट सीलसह बदला आणि तेल अडवणारी छोटी जोड-वायर मध्ये घाला. ती याच कामासाठी मिळते आणि नव्या हार्नेसच्या किमतीपुढे फुकटच म्हणायची. दोन्ही मॅग्नेटच्या जोडण्या सारख्या दिसतात, म्हणून काढण्याआधी एकीला रंगीत टेप.

वायर कुरतडल्यासारखी दिसली तर तेलाला दोष देऊ नका, उंदीर आहे.

पट्टा आणि बायपास

सुपरचार्जर, अल्टरनेटर, वॉटर पंप सगळं एकाच पट्ट्यावर. पट्टा एक खाच बाजूला बसला किंवा त्यावर ऑइल सांडलं तर जास्त लोडला घसरतो: किंचाळतो, ताकद जाते, इंजिन बंद-चालू केलं की परत ठीक. काढण्याआधी मार्गाचा फोटो, बसवल्यावर प्रत्येक पुलीवर खाचा मोजा. तेल लागलेला पट्टा धुऊन वापरू नका.

आयडलवर सुपरचार्जरची शिट्टी नेहमीपेक्षा मोठी आणि इंजिन जड वाटतं, तर बायपासची झडप मिटलेली अडकली आहे. पाय दाबूनही गाडी साध्या इंजिनासारखीच चालते, तर ती उघडी अडकली आहे किंवा तिचा कनेक्टर लावायचा राहिलाय. सुपरचार्जरचं स्वतःचं ऑइल वेगळं आणि सीलबंद असतं, नेहमीच्या सर्व्हिसमध्ये बदलायचं नसतं. ते उघडून इंजिन ऑइल भरल्यावर गिअरचा आवाज सुरू झाला, असं ऐकलं तर आश्चर्य वाटायला नको.

बॅटरी काढली होती?

ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला असेल तर इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, बहुतेक वेळा तेवढ्याने जातो. खिडक्या पूर्ण वर नेऊन बटण क्षणभर धरून ठेवा. आयडल दहा-पंधरा किलोमीटर इकडेतिकडे करेल, ते सामान्य. थ्रॉटलची पाकळी साफ करताना बोटाने ढकलली असेल तर आधी बॅटरीची तार काढली होती का ते आठवा. नसेल तर स्कॅनरने थ्रॉटल अडॅप्टेशन (पाकळीची जागा कंट्रोल युनिटला परत शिकवणं) करून घ्यावं लागेल, आणि ते स्वस्त अडॅप्टरने होत नाही.

दुरुस्तीनंतर आता कोड पुसा. पहिल्याच आयडलला शॉर्ट टर्म ट्रिम शून्याच्या आसपास नाचली पाहिजे. मग शहर, हायवे आणि एखादा चढ असं पन्नास-शंभर किलोमीटर चालवून लाँग टर्मचा आकडा आधीच्या फोटोशी ताडून बघा. अधिक २२ वरून अधिक १२ वर आला असेल तर मोठी भेग मिटली आणि छोटी उरली. एम२७१मध्ये एक ब्रीदर पाइप तडकला असेल तर दुसराही त्याच वयाचा असतो, तेव्हा पुढचा शोध तिथूनच सुरू करा.